हिशेबाचे टाके: तुर्की रेशीम भरतकाम कशावरून पारखावे?

प्रस्तावना

तुर्कस्तानच्या पारंपरिक कलांचा विषय निघाला की इझनिकच्या रंगीत फरशा, गालिचे आणि सुलतानांचे भरजरी काफ्तान यांची चर्चा आधी होते. भरतकामाची पाळी शेवटी येते, आणि तीही बहुधा 'स्त्रियांची घरगुती हस्तकला' अशा मथळ्याखाली. त्या मथळ्यातच एक निकाल दडलेला असतो: दरबारात झाली ती कला, घरात झाली ती हौस.

या पाठात आपण तो निकाल तपासणार आहोत. समोर ठेवायच्या वस्तू आहेत उस्मानी काळातील, म्हणजे साधारण १६ व्या ते १९ व्या शतकातील भरलेले रुमाल, नाड्या, पिशव्या, जेवणाचे पंचे, गाठोड्याची कापडे आणि लग्नाचे पोशाख. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हे भरतकाम केवळ नक्षीवरून जोखले तर ते दरबारी विणकामाची धाकटी नक्कल वाटते. बांधणीवरून आणि वापरावरून जोखले तर ती एक स्वतंत्र विद्या ठरते, आणि काही बाबतींत ती विणकामाइतकीच कठीण आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे 'वस्तू कशी उभी राहते आणि कोणते काम करते' हा प्रश्न मला आधी सुचतो. कलेच्या परीक्षणात हा प्रश्न अनेकदा मागे राहतो. तो पुढे आणल्यावर काय दिसते ते पाहू.

१. वस्तू नेमक्या कोणत्या?

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा. 'तुर्की रेशमी भरतकाम' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेशमी कापड येते. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य वस्तूंचे मूळ कापड लिनन किंवा सुती असते. रेशीम असते ते सुईतल्या धाग्यात. हा धागा पीळ नसलेला किंवा अगदी कमी पिळाचा असतो. पीळ कमी असल्याने तो कापडावर पसरतो, जागा भरून काढतो आणि प्रकाश परतवतो. त्याच्या जोडीला जर येते: चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची बारीक पट्टी रेशमी गाभ्याभोवती गुंडाळून केलेला धागा. सोनेरी धाग्यासाठी पिवळा गाभा आणि रुपेरी धाग्यासाठी पांढरा गाभा वापरला जाई. या धाग्याचे तुर्की नाव 'किलाप्तान' आणि आपला 'कलाबतू' हे शब्द एकाच घराण्यातले आहेत.

आता वस्तू. 'उचकुर' म्हणजे इजारीची किंवा सलवारीची नाडी. ही लांब पट्टी असे आणि तिची दोन्ही टोके भरलेली असत, कारण बांधल्यावर तीच लोंबताना दिसत. 'चेव्रे' हा चौकोनी रुमाल; कडा आणि कोपरे भरलेले. 'पेश्किर' हा जेवणाच्या वेळचा लांब पंचा; थाळ्याभोवती बसलेल्यांच्या गुडघ्यांवरून तो अंथरला जाई. 'बोहचा' म्हणजे कपडे बांधून ठेवण्याचे चौकोनी कापड. उर्दूतील 'बुकचा' तो हाच. 'केसे' म्हणजे नाणी, मोहोर किंवा घड्याळ ठेवण्याची पिशवी. आपला 'खिसा' याच शब्दाचा नातेवाईक. 'बिंदल्ली' हा मखमलीवर जरीने भरलेला वधूचा पोशाख. नावाचा अर्थ 'हजार फांद्यांचा'. आणि 'ओया' ही डोक्याच्या रुमालाच्या कडेला सुईने विणलेली बारीक, उठावदार झालर.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. यातली एकही वस्तू भिंतीवर टांगण्यासाठी केलेली नाही. प्रत्येक वस्तू बांधली जाते, पुसली जाते, घडी घातली जाते, हातात फिरते.

२. दरबार आणि घर: एक सोयीची उतरंड

उस्मानी रेशमाचे केंद्र म्हणजे बुर्सा. हे शहर १३२६ साली उस्मानांच्या हाती आले आणि काही काळ त्यांची राजधानी राहिले. इराणहून येणारे कच्चे रेशीम इथे उतरे. दुसऱ्या बायझीदने १४९१ मध्ये बांधवलेला 'कोझा हान' आजही तिथे उभा आहे. 'कोझा' म्हणजे रेशमाचा कोष. इथल्या आणि इस्तंबूलच्या मागांवर 'केमखा' विणला जाई (आपला 'किनखाप' याच शब्दाच्या कुळातला), जरीची मखमल 'चात्मा' विणली जाई आणि सोन्या-चांदीच्या तारेचे 'सेरासेर'ही होई. दरबारच्या पदरी 'एहल-इ हिरेफ' नावाची कारागिरांची नोंदबद्ध संघटना होती. चित्रशाळेतले नक्षीकार आराखडे करीत. सुलतान सुलेमानच्या काळात शाहकुलूने लांब, दातेरी पानांची शैली रुजवली, आणि त्याचा शिष्य कारा मेमी याने ट्यूलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ ही ओळखू येणारी फुले पुढे आणली. तीच फुले फरशांवर, कापडांवर, पुस्तकांच्या पानांवर आणि अखेर भरतकामातही आली.

इथे नेहमीचा युक्तिवाद सुरू होतो: नक्षी वरून खाली आली, म्हणून भरतकाम खालचे. त्यात तथ्याचा भाग आहे, तो नाकारू नये. १६ व्या आणि १७ व्या शतकातील मोठी भरलेली आच्छादने पाहिली तर केमखाची मांडणी त्यांत स्पष्ट दिसते: टोकदार लंबगोलांची जाळी आणि प्रत्येक लंबगोलात एक फुललेले फूल. परंतु 'नक्षी कुठून आली' आणि 'काम किती अवघड' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावणे ही तर्कातली चूक आहे.

विणकामाची नक्षी मागावर एकदा बसवली की ती आपोआप पुन्हा पुन्हा उमटते. माग हे पुनरावृत्तीचे यंत्र आहे. भरतकामात मात्र प्रत्येक फूल नव्याने मोजावे लागते. त्यामुळे मागाला सहज जमणारी पुनरावृत्ती हातासाठी कष्टाची ठरते, आणि मागाला न जमणारा बदल, जसे कोपऱ्यात वळणारी वेल किंवा टोकाला आवरती घेतलेली फांदी, हाताला जमतो. दोन्ही माध्यमांचे गुण-दोष वेगळे आहेत. एकाच्या मापाने दुसरे मोजले तर मोजलेला आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो.

अभ्यासातही ही विभागणी उतरली आहे. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियमने २००० साली सुमरू बेल्गेर क्रोडी यांचा उस्मानी भरतकामावरील ग्रंथ काढला, आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, दरबारी रेशीम व मखमल यांवरचा 'इपेक' हा भव्य ग्रंथ आला. दोन्ही महत्त्वाचे आहेत. पण ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात, आणि विद्यार्थी बहुधा दुसऱ्यापासून सुरुवात करून तिथेच थांबतो.

या उतरंडीला एक गंमतीचा छेद आहे. सुलतानांचे काफ्तान आज तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात का टिकले? सुलतान वारला की त्याचे कपडे चिठ्ठी लावून बोहचात बांधून ठेवण्याची रीत होती. म्हणजे ज्या वस्तूला आपण कमी लेखतो, त्या गाठोड्याच्या कापडानेच थोर मानलेली कला आपल्यापर्यंत पोहोचवली.

३. 'हेसाप इशी': मोजून केलेले काम

तुर्की भरतकामातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण टाक्यांच्या गटाला 'हेसाप इशी' म्हणतात. 'हेसाप' म्हणजे आपला 'हिशेब' आणि 'इश' म्हणजे काम. नाव अगदी शब्दशः खरे आहे. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून सुई घातली जाते: तीन धाग्यांवरून, तीन धाग्यांखालून, एक पायरी वर, पुन्हा तीन. कापड हाच आलेख-कागद. सरळ टाका, तिरका टाका, धागे आवळून जाळी पाडणारा 'म्युशेब्बेक', ये-जा करून जागा भरणारा 'पेसेंत' हे सगळे या कुटुंबात मोडतात. यातले बरेच टाके असे आहेत की काम पूर्ण झाल्यावर सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसते. गाठ दिसत नाही. धाग्याचे टोक टाक्यांखाली लपवलेले असते.

हे कसे साधते? एक साधे उदाहरण घेऊ. इंग्रजी 'टी' अक्षरासारखी तीन रेषांची नक्षी आहे. तळाचा बिंदू अ, मधला ब, डावा क, उजवा ड. धावदोऱ्यात सुई एकदा कापडाच्या वर आणि एकदा खाली जाते. अ ते ब वरून जा, ब ते क खालून, क ते ब वरून, ब ते ड खालून, ड ते ब वरून, आणि ब ते अ खालून. सहा पावले झाली. आता तपासून पाहा: तीनही रेषा वरून एकेकदा आणि खालून एकेकदा भरल्या गेल्या, आणि सुई निघाली तिथेच परत आली. धागा कुठेही तोडावा लागला नाही.

आलेख-सिद्धांत शिकलेल्यांना इथे ऑयलर आठवेल. १७३६ साली कोनिग्जबर्गच्या पुलांचा प्रश्न सोडवताना त्याने दाखवले की प्रत्येक बिंदूला मिळणाऱ्या वाटांची संख्या सम असावी लागते, तरच प्रत्येक वाट एकदाच चालून मूळ जागी परत येता येते. आपल्या टाक्यात प्रत्येक रेषा दोनदा चालायची आहे, एकदा वरून आणि एकदा खालून. म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी वाटांची संख्या आपोआप सम होते. म्हणून नक्षी जोडलेली असेल तर असा मार्ग नेहमी सापडतो. अट एकच: फांद्यांवर आधी कुठे जायचे आणि परतताना काय भरायचे, हे सुई घालण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

भरणाऱ्या स्त्रियांनी ऑयलर वाचला होता असे कुणी म्हणणार नाही. मुद्दा असा की त्यांच्या बोटांत मार्ग आखण्याची जी रीत होती, तिला आपण आज गणित म्हणतो. तुर्की भाषेने तर ते नावातच मान्य केले. परीक्षकांनी मात्र या कामाचे वर्णन 'नाजूक', 'संयमी', 'स्त्रीसुलभ' अशा विशेषणांत केले. कौतुक म्हणून वापरलेली ही विशेषणे बुद्धीचे श्रेय काढून स्वभावाला देतात. माझी या लेखनाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

भारतातील विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. धारवाडच्या परिसरातील कसुती भरतकामात 'गवंती' टाका याच दुहेरी धावदोऱ्याचा आहे, आणि इरकली साडीवर तो आपण पाहिलेला असतो. हिमाचलचा चंबा रुमाल दोन्ही बाजूंनी सारखा दिसण्यासाठीच ओळखला जातो. याचा अर्थ एकाने दुसऱ्याकडून घेतले असा काढू नये. सारखी अडचण पुढे आली की सारखे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी सुचू शकते.

४. उलट बाजू कशासाठी?

दोन्ही बाजू सारख्या करायला श्रम जास्त लागतात. मग ते का घेतले? उत्तर वस्तूच्या वापरात आहे. उचकुराचे टोक चालताना वळते, तेव्हा उलट बाजू दिसतेच. पेश्किर गुडघ्यांवर दुमडतो. रुमाल हातात उलगडतो. जिथे वस्तूला 'मागची बाजू' नसतेच, तिथे टाक्यालाही मागची बाजू असून चालत नाही. हा सजावटीचा अतिरेक नव्हे. ही वस्तूच्या कामाने घातलेली अट आहे.

या वापराची एक साक्ष प्रसिद्ध आहे. लेडी मेरी वोर्टली मॉन्टेग्यू ही इंग्रज राजदूताची पत्नी १७१७-१८ मध्ये एदिर्ने आणि इस्तंबूल इथे होती; तिची पत्रे १७६३ साली छापली गेली. सुलतान दुसऱ्या मुस्तफाची विधवा हफिसे हिच्याकडच्या जेवणाचे वर्णन करताना ती रेशमाने आणि सोन्याने फुले भरलेल्या पंच्यांबद्दल लिहिते. इतके उंची कापड हात पुसायला वापरताना तिला वाईट वाटले, आणि जेवण संपेपर्यंत ते पार खराब झाले, असे ती सांगते.

या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. एक, केवढी ही उधळपट्टी! दुसरी, जी मला अधिक योग्य वाटते: या समाजात भरतकामाचे मोल ते जपून ठेवण्यात नव्हते, पाहुण्याच्या हाती देण्यात होते. आज संग्रहालयात काचेमागे एकच बाजू वर करून ठेवलेला पेश्किर पाहताना आपण नेमके हेच गमावतो. छापील ग्रंथांत आणि पडद्यावरच्या चित्रांतही बहुधा सुलट बाजूच दिसते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र शेजारी-शेजारी दिले तर अर्धे समीक्षण तिथेच होईल.

५. दिवाल काम: आपल्याच मापाची परीक्षा

इथे एक शंका रास्त आहे. 'दोन्ही बाजू सारख्या' हा श्रेष्ठतेचा निकष मानला, तर बिंदल्लीवरील 'दिवाल' काम कमी प्रतीचे ठरेल का? दिवाल कामाला 'मराश काम' असेही म्हणतात. त्यात पुठ्ठ्याची नक्षी कापून मखमलीवर ठेवतात. जरीचे धागे तिच्यावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेतात, आणि प्रत्येक कडेला खालून मेण लावलेल्या मजबूत धाग्याने त्यांना अडकवतात. जर कापडातून आरपार जात नाही. म्हणून उलट बाजूला फक्त साधा धागा दिसतो.

हा टाका आधीच्या टाक्याच्या नेमका उलट आहे, आणि तरी तितकाच विचारपूर्वक आहे. पोशाखाची आतली बाजू अस्तराखाली जाते. ती कुणी पाहत नाही. जर महाग आहे, ती आत घालवली तर निम्मे मोल वाया. शिवाय मखमलीतून धातूची पट्टी वारंवार ओढली तर पट्टीही सोलते आणि मखमलीचा लोकरासारखा पृष्ठही दबतो. पुठ्ठ्यामुळे नक्षी उंच उठते आणि दिव्याच्या उजेडात चमकते. मेंदीच्या रात्री, म्हणजे 'कना गेजेसी'ला, दिव्यांच्या प्रकाशात वधूने हा पोशाख घालायचा असे. तिथे हीच गरज होती.

तेव्हा आपला निकष सुधारून घेऊ. श्रेष्ठ टाका तो, जो वस्तूच्या कामाशी आणि सामग्रीच्या किमतीशी सुसंगत आहे. रुमालासाठी पेसेंत, पोशाखासाठी दिवाल. उलट केले तर दोन्ही फसतील.

६. नक्षीचा शब्दकोश करण्याचा मोह

लोकप्रिय लेखनात भरतकामाचे वाचन एका कोष्टकासारखे केले जाते: सरू म्हणजे अमरत्व, डाळिंब म्हणजे संतती, ट्यूलिप म्हणजे ईश्वर. काही संकेत खरेच प्रचलित होते. ओयाच्या बाबतीत तर मिरचीची झालर घालून सून आपली नाराजी दाखवी असे सांगितले जाते. पण गावागणिक संकेत बदलतात, आणि तोच आकार दुसरीकडे केवळ सुंदर म्हणूनही भरला जातो.

मराठी वाचकासाठी यातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'चिंतामणी'. तीन गोळे आणि दोन लहरी रेषा अशी ही नक्षी काफ्तानांवर, फरशांवर आणि भरतकामातही आढळते, आणि कला-इतिहासाच्या पुस्तकांत ती 'चिंतामणी' या नावानेच येते. नाव वाचताच आपल्याला थेऊरचा गणपती आठवतो, आणि बौद्ध परंपरेतील इच्छा पुरवणारे रत्नही. मात्र हे नाव आधुनिक अभ्यासकांनी रुळवलेले आहे. उस्मानी व्यवहारात ठिपक्यांना 'बेनेक' म्हणत, तर पट्ट्यांचा संबंध वाघ-बिबळ्याच्या कातड्याशी जोडला जाई. वीराने अंगावर घ्यावे असे ते कातडे. आकाराचा प्रवास पूर्वेकडून झाला असेल, तरी वापरणाऱ्याच्या मनातला अर्थ बळाचा आणि वैभवाचा होता. नाव ओळखीचे वाटले म्हणून अर्थही आपलाच, असे धरून चालणे हा अभ्यासातला आळस आहे.

७. 'ऱ्हास' हा शब्द जपून वापरावा

१६ व्या शतकाची शैली भव्य, १८ व्या-१९ व्या शतकाची गोड आणि पातळ, असा निकाल अनेकदा वाचायला मिळतो. फरक खरा आहे. आधीच्या कामात मोठी फुले, मोजके रंग आणि ठाम बाह्यरेषा आहेत. नंतरच्या कामात आकार लहान होतात, एका फुलात रंगाच्या अनेक छटा येतात, जर वाढते, युरोपीय वळणाचे पुष्पगुच्छ येतात. तंबू, सरू, हवेल्या, होड्या असे छोटे देखावेही दिसतात. रेखाटनाचा जोर कमी झाला हे मान्य करू. पण टाक्याच्या दृष्टीने पाहिले तर याच काळात मोजून भरलेले, दोन्ही बाजूंनी सारखे, अतिसूक्ष्म काम कळसाला पोहोचलेले दिसते. एका अंगाने उतार आणि दुसऱ्या अंगाने चढ असेल तर एकच शब्द पुरत नाही.

दोष म्हणून दाखवल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी पाहू. मोठी आच्छादने मागाच्या रुंदीच्या तीन-चार पट्ट्या जोडून केलेली असतात, आणि जोडावर फुलाचे दोन अर्ध बरेचदा जुळत नाहीत. हा निष्काळजीपणा वाटतो. परंतु पट्ट्या वेगवेगळ्या भरून मग शिवल्या जात. पट्टी-पट्टीत हात बदललेलाही जाणवतो. म्हणजे न जुळणारा जोड हा श्रमविभागणीचा पुरावा आहे. एकटी मुलगी खिडकीत बसून भरते आहे, हे चित्र इथे टिकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे झिजलेल्या बाह्यरेषा. काळ्या-तपकिरी रंगासाठी लोहयुक्त द्रव्य वापरले जाई. ते काळाच्या ओघात रेशीम खाऊन टाकते. बाह्यरेषा गळून पडल्या की खाली शाईने काढलेले मूळ रेखाटन उघडे पडते. ते अनेकदा इतके सफाईदार असते की आखणारा व्यावसायिक असावा हे कळते. रसायनाने केलेले नुकसान इथे अभ्यासकाला माहिती पुरवते.

८. हे काम कोणाचे?

'अनामिक' हा शब्द या वस्तूंना चिकटलेला आहे. नावे नोंदली गेली नाहीत, पण काम करणारे वर्ग माहीत आहेत. मुली स्वतःच्या 'चेयिझ'साठी, म्हणजे लग्नात न्यायच्या सामानासाठी भरत. काही स्त्रिया घरी बसून मोबदल्यावर भरत, आणि 'बोहचाजी' स्त्रिया गाठोडे घेऊन घरोघरी, अंतःपुरातही, माल विकत. कार्यशाळांत पुरुषही जरीचे काम करीत. घर आणि बाजार यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नव्हती. 'घरगुती' म्हटले की श्रमाची किंमत पुसली जाते, म्हणून हा शब्द तपासून वापरावा.

'तुर्की' या शब्दाबाबतही तेच. उस्मानी साम्राज्यात ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, अरब, बाल्कन समाजही भरतकाम करीत, आणि टाके एकमेकांत मिसळत. मराशच्या आर्मेनियन स्त्रियांचा गुंफणीचा एक टाका तर कच्छच्या गुंफण-टाक्याशी विलक्षण साम्य दाखवतो. आजच्या राष्ट्राचे लेबल जुन्या साम्राज्याच्या वस्तूला लावताना या लोकांची आठवण ठेवणे हा शिष्टाचार नाही, अचूकपणा आहे.

९. यंत्र आले आणि काय सुटले?

१८२९ मध्ये दुसऱ्या महमूदने सरकारी नोकरांच्या पोशाखाचे नियम बदलले. फेझ आणि पाटलोण आली. पाटलोणीला उचकुर लागत नाही. मेज-खुर्च्या आल्या आणि गुडघ्यांवरचा लांब पेश्किर गेला. वस्तू गेली की तिच्यासाठी घडलेला टाकाही जातो. त्यासाठी कुणी वाईट असावे लागत नाही.

यंत्राची गोष्टही शिकण्यासारखी आहे. १८२८ च्या सुमारास जोसुए हाइलमान याने केलेल्या भरतकाम यंत्रात दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी भोक असलेल्या सुया होत्या. सुई कापडातून पूर्ण आरपार जाई, म्हणून काम हातासारखे, दोन्ही बाजूंनी सारखे होऊ शके. पण धागा आखूड असे, वारंवार ओवावा लागे. १८६० च्या दशकात इझाक ग्रोब्लीच्या 'शिफ्ली' यंत्राने शिलाई यंत्राप्रमाणे वरचा आणि खालचा असे दोन धागे घेतले. वेग वाढला, आणि उलट बाजू कायमची वेगळी झाली. आजचे संगणकीय भरतकाम यंत्रही दोन धाग्यांच्या गाठीवरच चालते. आज तुर्कस्तानात मेंदीच्या समारंभासाठी यंत्राने भरलेले बिंदल्ली पोशाख भाड्याने मिळतात. अस्तर लावलेल्या पोशाखात ते चालून जाते. पण त्याच यंत्रावर जुन्या चेव्रेची नक्षी उतरवून 'पारंपरिक रुमाल' म्हणून विकला, तर नक्षी राहते आणि परंपरा सुटते, कारण परंपरा त्या मार्गात होती, ज्याने सुई निघाल्या जागी परत येत असे.

समारोप

एखाद्या कलेचे मूल्यमापन करताना आपण कोणते माप हातात घेतो, त्यावर कोणाच्या बुद्धीला बुद्धी म्हणायचे हे ठरते. दरबारी नक्षी हे माप घेतले तर भरतकाम दुय्यम ठरते. काम, सामग्री आणि मार्ग हे माप घेतले तर उचकुराचे चार बोटांचे टोकही एका पूर्ण आराखड्याचे उदाहरण ठरते. दुसरे माप निर्दोष नाही. त्याला रंगाचा गोडवा आणि रेखाटनाचा डौल मोजता येत नाही, त्यासाठी डोळाच लागतो. पण ते ज्यांना आजवर 'नाजूक हात' म्हटले गेले, त्यांच्या डोक्याची नोंद घेते. आपल्या घरातील कसुती, कांथा, फुलकारी किंवा चिकन यांच्याकडे पाहतानाही विद्यार्थ्यांनी हीच सवय लावून घ्यावी: आधी कापड उलटे करावे, मग मत द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. प्रत्येकी एका टाक्याच्या चार बाजूंचा चौकोन आणि त्याच्या एका कोपऱ्यातून बाहेर निघणारी एका टाक्याची रेषा, अशी नक्षी दुहेरी धावदोऱ्याने धागा न तोडता कशी भराल? वरची आणि खालची पावले क्रमाने लिहा.

२. दिवाल कामात जरीची बचत कशी होते? रुमालासाठी हीच पद्धत का चालणार नाही?

३. तुमच्या प्रदेशातील एक भरलेली वस्तू घ्या. तिची उलट बाजू पाहून वापर, सामग्री आणि श्रम यांविषयी काय सांगता येते, ते दोनशे शब्दांत मांडा.

४. 'चिंतामणी' या नावामुळे वाचकाच्या मनात कोणते अर्थ येतात आणि त्यांपैकी कोणते उस्मानी वापराशी जुळत नाहीत, याची चर्चा करा.